गारठ्याला वाट

गवंडी परांचीवरून पडला आणि त्याचा उजवा गुडघा कायमचा आखडला. तोपर्यंतचं सगळं आयुष्य त्यानं दुसऱ्यांच्या भिंती उभ्या करण्यात घालवलं होतं. स्वतःचं घर मात्र बापाच्या वेळचं, मातीचं, पोपडे धरलेलं. ते लिंपायचं काम बायकोचं. तिनं उभ्या जन्मात थापी हातात धरली नव्हती, तरी तिला सगळे गवंडीणच म्हणत.

पडल्यानंतर मुकादम दोनदा येऊन गेला. बरा हो, घाई करू नकोस म्हणाला. तिसऱ्यांदा आला नाही. गवंडी ओट्यावर बसायला लागला तो बसलाच. सकाळी ऊन ज्या बाजूला असेल त्या बाजूला सरकायचा, दुपारी सावलीला. येणाऱ्याजाणाऱ्याच्या चालण्याला नावं ठेवायचा. गवंडीण त्याला दुखेल असं काही बोलायची नाही, आणि न बोलणंच त्याला जास्त दुखायचं.

घराच्या मागून जमीन ओढ्यापर्यंत उतरत गेली होती. वरचा तुकडा यांचा, त्यात घेवडा लावला होता. खालचा तुकडा धाकटीचा, म्हणजे गवंड्याच्या धाकट्या भावाच्या बायकोचा. तिच्याकडे बटाटा होता. धाकटा भाऊ तापानं गेला तेव्हापासून ती एकटीच राहायची, चार शेळ्यांच्या जोरावर. दोन्ही घरांची सासू एकच. म्हातारी राहायला वर होती, पण जेवायला ज्या घरातून फोडणीचा वास चांगला येईल त्या घरी जायची.

मधे नुसता गुडघाभर बांध होता. दोघी जावा कामाला वाकल्या की बांधावरून गप्पा चालायच्या. एकीच्या विळ्याचं पातं बोथट झालं की दुसरीचा विळा. एकीचा चहा उकळला की दुसरीला हाक. "ताई, ये गं, निवतोय." धाकटीचं हे वाक्य इतकं सरावाचं झालं होतं की म्हातारीही तेच म्हणत चहाला यायची.

एका दुपारी धाकटीच्या शेळ्यांनी दावं तोडलं आणि त्या घेवड्यात शिरल्या. गवंडीण बाजारात. धाकटी ओढ्यावर. गवंडी एकटा ओट्यावर. त्यानं "हाड! हाड!" करून गळा फाडला. एका शेळीनं तोंडातला वेल न सोडता मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. तो भिंतीला धरून उठला, काठी हाताला लागेना, दोन पावलं टाकली आणि मटकन बसला. शेळ्या सावकाश खात राहिल्या.

धाकटी धावत आली तेव्हा एक रांग साफ झाली होती. गवंडी तोंडाला येईल ते बोलला. ती ऐकून घेत शेळ्या ओढत होती. जाता जाता तिच्या तोंडून गेलं, "दादा, एक काठी घालून हाकलायच्या होत्या ना."

तिच्या मनात काही नव्हतं. शब्द बाहेर पडल्यावर तिलाच कळलं आणि तिनं जीभ चावली. पण गवंड्याचा चेहरा उतरला तो उतरलाच. त्या रात्री तो जेवला नाही.

सकाळी त्यानं माळ्यावरून पाटी काढायला लावली. थापी, ओळंबा, सूत, हातोडा. "दगड वाहशील?" त्यानं बायकोला विचारलं.

"कशाला?"

"भिंत घालतो बांधावर. पुन्हा कुणाच्या शेळीचं तोंड इकडं वळायला नको."

गवंडिणीच्या मनात आलं, चार काट्या रोवल्या असत्या तरी भागलं असतं. पण वर्षभरात पहिल्यांदा त्यानं काहीतरी मागितलं होतं. तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली.

उतारावर दगडांना तोटा नव्हता. ती वाहून आणायची, मातीचा गारा कालवायची. तो पोत्यावर बसून, पाय लांब सोडून दगड घडायचा. एक थर झाला की बुडावर पुढे सरकायचा. ओळंबा सोडून एक डोळा मिटायचा. त्याच्या पाठीला बाक होता, पण भिंतीला नव्हता. संध्याकाळी तो अंगभर धुळीचा होऊन यायचा आणि दोन माणसांचं जेवायचा. शीळ घालायचा. गवंडिणीची मान दिवसभर अवघडलेली असायची, तरी ती शीळ ऐकली की तिला बरं वाटायचं.

फक्त भिंत वाढत गेली तशी पलीकडची धाकटी कमी होत गेली. आधी तिचे पाय दिसेनासे झाले, मग कंबर, मग डोक्याला बांधलेलं फडकं तेवढं हलताना दिसायचं. शेवटी तेही गेलं. पलीकडून कुदळीचा आवाज यायचा. हाक यायची नाही.

"मुंगीला वाट ठेवली नाही," गवंडी भिंतीवर तळवा फिरवत म्हणाला. खरंच ठेवली नव्हती. पुरुषभर उंच, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सांधा न् सांधा भरलेला.

म्हातारी काठी टेकत बघायला आली. तिच्या लेखी माणसानं घरात काय केलं यावर आभाळ ठरत असे. झाडू उभा ठेवला की वारा सुटतो, निखाऱ्यावर पाणी ओतलं की धुकं धरतं, संध्याकाळी ओलं फडकं झटकलं की ढग पळतात. दोघी सुना तिच्यामागं हसायच्या आणि तिच्यासमोर झाडू आडवा ठेवायच्या. भिंतीकडे पाहून ती म्हणाली, "छान आहे. पण एवढी मोठी वस्तू मधे ठेवलीस, वाऱ्याला विचारलंस का?"

"सातबाऱ्यावर वाऱ्याचं नाव आहे का आई, त्याला विचारायला?" गवंडी हसला. वर्षभरानं हसला.

*

थंडी त्या साली उशिरा आली आणि एकदम आली. एके दिवशी वारा पडला, आभाळ धुतल्यासारखं झालं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गवंडीण मागच्या दारी गेली ती तिथंच थबकली.

घेवड्याचा खालचा अर्धा भाग पांढरा दिसत होता. पानापानावर मीठ भुरभुरवल्यासारखं. ती वाकून हात लावायला गेली तर बोटं चटकली. ऊन वर आलं तसं पांढरं वितळलं, आणि खालून पान निघालं ते काळं, उकडल्यासारखं लोळागोळा. घराजवळचे वाफे शाबूत होते. जसजसं खाली जावं तसतसं वाईट. भिंतीलगत तर वेल उभाच नव्हता. शेंगा नुकत्या धरायला लागल्या होत्या.

ती दगडावर चढून भिंतीवरून डोकावली. पलीकडे धाकटीचा बटाटा हिरवागार, ताजा, पानांवर नुसते दवाचे थेंब.

गवंडी काठी टेकत आला. त्यानंही पाहिलं. मग म्हणाला, "एका हाताच्या अंतरावर तिचं हिरवं आणि माझं काळं?"

"थंडीनं गेलंय."

"थंडीला काय कळतं, कुणाचं कुठलं ते? माझं तेवढं बघून खाल्लं?"

"अहो, असं काय बोलता."

"काहीतरी टाकलंय. राग धरून बसली होती."

गवंडीण त्याला गप्प करत राहिली. पण तो गप्प झाला की तिला भीती वाटायची. पाणी उकळायच्या आधी गप्प होतं तसं ते असायचं.

दुसऱ्या दिवशी गिरणीत गर्दी होती. गवंडीण डबा घेऊन रांगेत उभी. तिच्यापुढे तीन बायका सोडून धाकटी. तिचं दळण वर ओतलेलं, पीठ खाली पडत होतं. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि दोघींनी पट्ट्याकडे पाहिल्यासारखं केलं. गिरणीच्या आवाजात असंही कुणाला कुणाचं ऐकू जात नाही.

तेवढ्यात गवंडी दारात आला. एवढी वाट तो वर्षभरात चालला नव्हता. घामानं निथळत होता. काठी धाकटीकडे रोखून तो बोलायला लागला, आणि गिरणीच्या घरघरीच्या वर आवाज चढवायचा म्हणून ओरडून बोलायला लागला. कुणाला एक शब्द धड कळेना. सगळे तोंडाकडे बघत राहिले. काय चाललंय ते कळावं म्हणून गिरणीवाल्यानं खटका ओढला. पट्टा थांबला, घरघर एकदम विझली, आणि त्या शांततेत गवंड्याचं उरलेलं वाक्य सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.

"...आधी नवऱ्याला खाल्लंस, आता माझ्या वेलांना लागलीस!"

गवंडीही दचकला. एवढं मोठ्यानं आपण बोललो हे त्याला पटेना.

धाकटीच्या पापण्यांवर पीठ होतं. तिनं डब्याचं झाकण लावलं, डबा काखोटीला मारला आणि ती सगळ्यांमधून वाट काढत निघून गेली. तिचं अर्धं दळण वरच राहिलं होतं. कुणी कुणाकडे बघेना. गिरणीवाला पुटपुटला, "आता हे कुणाच्या डब्यात पाडू?"

"माझ्या," गवंडीण म्हणाली. तिनं ते पीठ वेगळं फडक्यात बांधून घेतलं. संध्याकाळी म्हातारीच्या हाती खाली पाठवलं. पीठ पोचलं. फडकं धुऊन परत आलं. निरोप कसलाच आला नाही.

*

मेलेले वेल उपटून जाळायचे होते. गवंडीण पहाटेच उठली. उजाडायला लागलं होतं, पण ऊन यायला अवकाश होता. तिनं घराजवळ वरच्या अंगाला ढीग केला आणि काडी लावली. ओलं होतं, जाळ धरेना, धूरच फार झाला. म्हातारी घोंगडी पांघरून शेकायला आली.

धूर वर जाईना. माणसाच्या कमरेइतका उठला आणि खाली बसला. मग उताराला लागला. पाणी सोडल्यावर वाफ्यातून सरकतं तसा तो जमिनीलगत सरकत निघाला, रांगांच्या मधून, हळूहळू. गवंडीण हातात वेल धरून बघत राहिली. धूर भिंतीपाशी पोचला. तिथं थांबला. मागून आणखी आला, तोही थांबला. मग तो चढायला लागला. भांड्यात दूध ओतत राहावं तसा भिंतीच्या पायाशी भरत गेला, गुडघाभर, मग कमरेपर्यंत, आणि तिथंच लोळत राहिला.

ती वेल टाकून खाली गेली. घरापाशी थंडी होतीच, सोसण्यासारखी. प्रत्येक वाफ्यागणिक ती वाढत गेली. भिंतीजवळ धुरात उतरली तेव्हा तिच्या पायांची बोटं बधिर झाली, घोट्यांच्या हाडात कळ गेली, चेहऱ्याला मात्र तेवढं काही वाटेना. ती दगडावर चढली. पलीकडे धुराचा मागमूस नव्हता.

ती परत आली तेव्हा म्हातारी निखाऱ्यांवर हात धरून बसली होती.

"पाहिलंत का सासूबाई?"

"पाहिलं. पाहुणा रोज दारावरून ओढ्याकडे जायचा. तुम्ही वाट अडवलीत, तो मुक्कामाला राहिला. आता त्याला जेवायला घालताय."

गवंडिणीला हसू आलं नाही. तिला भिंतीवर तळवा फिरवणारा हात आठवत होता. हे सांगायचं म्हणजे त्या हातालाच सांगायचं.

सांगितलं तिनं. दुपारी, त्याचं जेवण झाल्यावर, ताट उचलता उचलता, जसं काही मीठ संपल्याचं सांगावं.

"भिंतीनं थंडी पडते?" गवंडी म्हणाला. "उद्या म्हणशील खिडकीनं पाऊस पडतो. त्या म्हातारीच्या नादी लागलीस."

"पडत नाही, साठते. मी धूर पाहिला."

"आयुष्यभर भिंती बांधल्या मी. कुणाच्या दारात हिवाळा आला नाही त्यांच्यामुळे."

"त्या घराच्या होत्या. ही उताराला आडवी आहे."

त्यानं पाण्याचा तांब्या ढकलला. पाणी जमिनीवर पसरलं आणि उंबऱ्यापाशी जाऊन अडलं. दोघंही त्याच्याकडे बघत बसली. तिनं पुसायला फडकं उचललं नाही. शेवटी तोच उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला जाग आली तर शेजारी अंथरूण रिकामं. मागच्या दारी गेली. गवंडी भिंतीच्या पायाशी पोत्यावर बसला होता, पाठ टेकून, पाय लांब करून. वर उतारावर त्यानं ओलं गोणपाट पेटवून ठेवलं होतं आणि त्याचा धूर त्याच्या मांडीपर्यंत येऊन साचला होता. दात वाजत होते. गवंडिणीनं आपली शाल त्याच्या अंगावर टाकली.

"किती वेळ बसलाय?"

"बस झाला तेवढा." तो भिंतीला डोकं टेकून वर बघत होता. "ओळंबा बघ, एक केस इकडंतिकडं नाही. सगळं बघितलं मी. उतार तेवढा बघितला नाही. मला समोर ती शेळीच दिसत होती."

तिनं त्याला उठवलं. त्याचा सगळा भार तिच्या खांद्यावर आला.

"पाडू," तो म्हणाला.

तिला आनंद व्हायला हवा होता. पण आदल्या रात्री झोप लागेपर्यंत तिच्या मनात पुढचंच चाललं होतं. "पाडली तर गारठा तिच्या बटाट्यावर उतरेल. आता पाला भरात आहे."

"पूर्वी उतरायचाच."

"पूर्वी तिला सवय होती. यंदा ती निर्धास्त आहे. आपण तिच्या अंगावर सोडल्यासारखं होईल."

"माझ्या जागेतली माझी भिंत. तिला विचारायला जाऊ?"

"बांधताना विचारलं नाहीत," गवंडीण म्हणाली, "पाडताना तरी विचारा."

*

कुठल्या तोंडानं जायचं म्हणून तो गेला नाही. तीच गेली. भिंत असल्यामुळे सगळा वळसा घालून, रस्त्यानं. धाकटी शेळीची धार काढत होती. तिनं मान वर केली नाही.

"या जाऊबाई," ती म्हणाली. आजवर तिनं ताईखेरीज दुसरी हाक मारली नव्हती.

गवंडिणीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दुधाच्या धारेचा आवाज चालू होता. सांगून झालं तरी चालूच होता.

"मला माहीत आहे," धाकटी शेवटी म्हणाली.

"काय?"

"पहिल्याच थंडीत कळलं. दरवर्षी माझ्या ओढ्याकडच्या चार रांगांना चट्टा पडायचा. यंदा नाही पडला. डोकं लावायला काय लागतं त्याला?"

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला सांगू? म्हणाले असते, हिला भिंत सलते म्हणून काहीतरी रचते आहे." तिनं भांडं बाजूला ठेवलं. हात पदराला पुसले, पुसतच राहिली. "आणि खरं सांगू? माझं हिरवं दिसत होतं. एक साल बघावंसं वाटलं. मग गिरणीत ते बोलले, आणि मी ठरवलं, जाऊ दे त्यांचं काळं पडून सगळं."

गवंडीण शेळीच्या खुंट्याशेजारी बसली. "तू नाही म्हणालीस तर नाही पाडणार. एवढंच सांगायला आले."

"मी नाही म्हटलं तर तुम्ही काय खाणार?"

"बघू."

शेळीनं गवंडिणीच्या पदराचं टोक तोंडात घेतलं, धाकटीनं ते सोडवलं.

"जिथं बोलले तिथं जाऊन बोलू दे त्यांना," धाकटी म्हणाली. "माझ्यासमोर नको. मला त्यांचं खाली गेलेलं तोंड बघायचं नाही. गिरणीत बोलू दे. ज्यांनी ऐकलं त्यांनी ऐकावं."

गवंडीण घरी येऊन हे जसंच्या तसं बोलली. गवंडी ऐकून आढ्याकडे बघत पडून राहिला. तिला वाटलं, झालं, आता पुन्हा ओटा. पण त्यानं हात पुढे केला. "काठी दे. आणि किलोभर काहीतरी बांधून दे. रिकाम्या हातानं गिरणीत उभा राहिलो तर लोक म्हणतील, वेडा झाला."

ती त्याच्या मागं थोडं अंतर ठेवून गेली आणि दाराबाहेरच थांबली. आत तो रांगेत उभा राहिला. लोकांनी त्याला पुढं जायला वाट दिली, तो गेला नाही. नंबर आल्यावर त्यानं पिशवी गिरणीवाल्याकडे दिली नाही. म्हणाला, "जरा बंद कर."

"अहो, बारीक दळण लागलंय, मधेच थांबवलं तर..."

"बंद कर."

घरघर थांबली. गवंड्यानं घसा साफ केला. पट्ट्याकडे बघत बोलला. "त्या दिवशी इथं मी धाकटीला बोललो. ते खोटं होतं. तिनं काही केलं नाही. माझ्या भिंतीनं थंडी अडवली, म्हणून माझा घेवडा गेला." तो थांबला. "आणि भाऊ तापानं गेला माझा. तिच्या मांडीवर गेला."

कुणी खाकरलं. मग मागून एकजण म्हणाला, "गवंडी, मग उन्हाळ्यात आमच्याकडे घाल की एक भिंत. गारवा साठवू."

हशा झाला. बाहेर गवंडिणीनं डोळे मिटून घेतले. आता काठी उगारतो की काय!

"घालीन," गवंडी म्हणाला. "दगड तू वाहायचे."

हसणारा आणखी हसला, पण या वेळचं हसणं वेगळं होतं. "चालू कर," गवंडी गिरणीवाल्याला म्हणाला आणि त्यानं पिशवी पुढे केली.

*

गावात बातमीला पाय लावावे लागत नाहीत. दुपारपर्यंत धाकटी वर आली. कमरेला कोयता खोचलेला.

"कुठनं पाडायची?" तिनं विचारलं, गवंड्याला नाही, गवंडिणीला.

"मधोमध," गवंडी पोत्यावरून म्हणाला. "सगळ्यात खोलगट तिथं आहे. बैलगाडीएवढी वाट."

"तेवढ्यानं माझं भागत नाही. खाली ओढ्याच्या काठाला माझं कुंपण आहे. दाट झालंय. वरून आलेलं तिथं अडलं तर सगळा बटाटा जाईल. तेही तोडावं लागेल."

ते कुंपण धाकट्या भावानं लावलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, एक एक रोप हातानं. तिघांनाही ते माहीत होतं.

"मी तोडतो हवं तर," गवंडी म्हणाला.

"नको. मीच तोडते."

आभाळ पुन्हा निवळत चाललं होतं. वारा पडला होता. म्हातारी ओट्यावर गुडघे चोळत म्हणाली, "आज चावणार आहे. आटपा."

गवंड्यानं सगळ्यात वरच्या थरापासून सुरुवात केली. दुसऱ्या कुणी पहारीनं ढकलून दिली असती. त्यानं छिन्नी लावून सांधा मोकळा केला, दगड हलवला, उचलून बाजूला ठेवला. मग पुढचा. बांधताना जेवढ्या निगुतीनं बसवले होते तेवढ्याच निगुतीनं काढत गेला. गवंडीण दगड वाहून कडेला रचत होती. तेच दगड, तीच मान. एकदा तिनं पाहिलं, त्याच्या गालावरून घाम ओघळत होता की आणखी काही, सांगता येत नव्हतं. तिनं विचारलं नाही.

भिंत कमरेला आल्यावर तो म्हणाला, "जा, तिला मदत कर. इथलं मी बघतो."

कुंपण काटेरी, मनगटाएवढ्या बुंध्यांचं. धाकटी कोयता चालवत होती आणि कापलेली फांदी ओढताना काटे तिच्या दंडावर रेघा मारत होते. गवंडिणीनं दुसऱ्या टोकानं ओढायला घेतलं. कितीतरी वेळ नुसता कोयत्याचा आवाज. एका जाड बुंध्यापाशी धाकटी थांबली. त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली.

"हे पहिलं," ती म्हणाली. "लावताना म्हणाले होते, आपली पोरं याच्या सावलीत खेळतील. काट्याला कसली सावली? मी किती हसले होते."

"हे राहू दे. बाजूनं तोडू."

"अगदी मधे आहे ताई." तिनं कोयता उचलला. "अडेल."

दिवस मावळला तेव्हा वरपासून ओढ्यापर्यंत गारठ्याला एक सरळ वाट मोकळी झाली होती. तिघांच्या हातांची सालं निघाली होती. म्हातारीनं दोन्ही घरच्या चुली एकटीनं पेटवून ठेवल्या होत्या.

*

पहाटे तिघंही न ठरवता बाहेर आली. भिंतीतल्या मोकळ्या जागेत उभी राहिली. थंडी पडली होती, म्हातारी म्हणाली तशी चावरी. गवंडीण मधोमध उभी होती, आणि तिला घोट्यांभोवती ती जाताना कळत होती. वाहत्या पाण्यात उभं राहिल्यासारखी. नुसती जात होती, खाली, ओढ्याकडे.

उजाडलं तेव्हा उरलेल्या घेवड्याच्या खालच्या दोन वाफ्यांना चट्टा पडलेला दिसला. बाकीचा वाचला होता. पलीकडे धाकटीच्या शेतात भिंतीच्या खिंडारापासून कुंपणाच्या खिंडारापर्यंत बटाट्याच्या पाल्याचा एक लांब काळा पट्टा पडला होता, जिभेसारखा. दोन्ही बाजूंना हिरवं.

गवंडीण जावेकडे बघायला धजेना. धाकटी पट्ट्यात उतरली, बसली, एका काळ्या झुडपाखाली तिनं हातानं माती उकरली. दोन बटाटे निघाले. अंगठ्याएवढे. तिनं ते चोळून पाहिले.

"सडलेले नाहीत. पण वाढायचे थांबले."

"माझ्यामुळे," गवंडी म्हणाला. गिरणीतल्या त्या दिवसानंतर तो पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघून बोलत होता.

धाकटीनं काळ्या पट्ट्याकडे पाहिलं, मग वर घेवड्याकडे. "भिंत ठेवली असती तर तुमचं सगळं गेलं असतं. आता थोडं तुमचं गेलं, थोडं माझं." तिचा आवाज कोरडा होता. तिनं माफ केलं होतं असं नाही, हिशेब तेवढा मान्य केला होता. "पुढच्या साली या पट्ट्यात काही लावायचं नाही. तुम्ही वर नाही, मी खाली नाही. नुसतं गवत राहू दे."

"राहू दे," गवंडी म्हणाला.

त्या आठवड्यात काळ्या पट्ट्यातला बटाटा काढायला घेतला. दोघी जावा खणत होत्या, म्हातारी बारीक आणि त्याहून बारीक असे ढीग करत होती आणि दोन्हींतले चोरून कडेला ठेवत होती. गवंड्याला वाकता येत नव्हतं. तो भिंतीच्या खिंडारापाशी बसून राहिला. वरच्या तुकड्यातून खालच्या तुकड्यात उतरायला तिथं मांडीएवढा टप्पा होता. बायका बसून, घसरून उतरत होत्या.

दुपारनंतर हातोड्याचा आवाज यायला लागला. त्यानं काढलेल्या दगडांतले सपाट निवडून घेतले होते. एक बसवला, त्याच्यावर दुसरा. पायऱ्या घालत होता. जमिनीला धरून, अगदी खुज्या, वाहणाऱ्याला कुठं आडवं येणार नाही अशा.

संध्याकाळी त्यानं हाक मारली. बायकोला वाटलं आपल्याला, ती उठली. तो म्हणाला, "तू नाही. तिला बोलाव."

धाकटी हात झटकत आली आणि खाली उभी राहिली.

"पाय ठेवून बघ. तुझी उंची कमी आहे. झेपते का सांग."

तिनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसरीवर चढली. दुसरी थोडी उंच होती. डोक्यावर बटाट्याची पाटी असती तर तोल गेला असता. तिचा गुडघा अवघडून वाकला तो त्यानं पाहिला. "उतर," म्हणाला. दगड काढला, कड घडली, पुन्हा बसवला. "आता?"

"मला ठीक आहे," धाकटी म्हणाली. "पण तुमच्या पायाला उंच होईल, दादा. आणखी एक बोट खाली घ्या."

गवंडी तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान खाली घालून छिन्नी उचलली आणि दगड एक बोटभर उतरवला.